अध्यापकाचे संशोधन आणि त्याचे वेळापत्रक

मराठीच्या कोणत्याही विद्यापीठीय विभागातील स्वीकृत प्रबंधांची सूची चाळली, तर ठरावीक घडणीची शीर्षके पुनःपुन्हा भेटतात. अमुक यांच्या कादंबऱ्या : एक चिकित्सक अभ्यास, तमुक यांची कविता : आशय आणि अभिव्यक्ती, अमक्या लेखकाच्या साहित्यातील स्त्रीचित्रण, ग्रामचित्रण किंवा आणखी कसले तरी चित्रण. या शीर्षकांची थट्टा करण्याची प्रथाही आता जुनी झाली आहे. चर्चासत्रांतील भोजनोत्तर गप्पांमध्ये ती हमखास होते आणि तिचा रोख संशोधक अध्यापकाच्या आळसावर, नाहीतर मार्गदर्शकाच्या औदार्यावर असतो. त्या थट्टेत तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. परंतु असे प्रबंध लिहिणाऱ्यांत शाळेत, कनिष्ठ वा वरिष्ठ महाविद्यालयात शिकवून उरलेल्या वेळात संशोधन करणाऱ्यांचा भरणा मोठा आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे दोषाचे स्थान थोडे सरकते. नोकरी करणाऱ्या भाषाध्यापकाची विषयनिवड त्याच्या वाङ्मयीन भूमिकेतून होण्याच्या पुष्कळ आधी त्याच्या वेळापत्रकातून झालेली असते. आणि मराठी संशोधनाची आजची घडण ही बऱ्याच अंशी या वेळापत्रकाची घडण आहे.

नाशिक जिल्ह्यातील एखाद्या अध्यापकाचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. हा आकडा वाचताना फारसा जड वाटत नाही. पण त्याच्या पोटात तासांची पूर्वतयारी, अंतर्गत मूल्यमापन, प्रवेशसमिती, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आणि नॅकच्या फायली या सर्वांना जागा करून द्यावी लागते. कनिष्ठ महाविद्यालयातील आणि माध्यमिक शाळेतील शिक्षकाची स्थिती याहून निराळी आहे व अधिक अवघड आहे. त्याच्या तासिका अधिक. फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यवेक्षण आणि त्यापाठोपाठ मंडळाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य शिक्षणेतर कामे शिक्षकाला देऊ नयेत अशी मर्यादा घातली. तथापि, निवडणुका या देशात इतक्या प्रकारच्या आणि इतक्या वेळा होतात की ही मर्यादा पुष्कळदा मुभेसारखीच वागते. मतदारयाद्या हातात घेऊन उन्हात हिंडणाऱ्या शिक्षकाच्या पिशवीत संदर्भग्रंथ असण्याचा संभव कमीच.

मग उरते काय? रात्रीचे दोन तास, रविवारचा अर्धा दिवस आणि दिवाळीची व मे महिन्याची सुट्टी, तीही कुटुंबाच्या मागण्यांतून उरेल तेवढी. अध्यापिकेच्या बाबतीत हे रात्रीचे दोन तास स्वयंपाकघर आवरल्यानंतरचे असतात. या वेळेत कोणती संशोधनसामग्री मावते, हा खरा प्रश्न आहे. एका हयात लेखकाचे आठ-दहा ग्रंथ मावतात. ते विकत मिळतात, नाहीतर लेखक स्वतःच आनंदाने देतो. परीक्षणांची कात्रणे त्यानेच जपून ठेवलेली असतात आणि एका रविवारी त्याची मुलाखत घेतली की परिशिष्टही सिद्ध होते. वाचन मध्येच थांबवता येते आणि चार दिवसांनी त्याच पानापासून पुन्हा सुरू करता येते. उलट, नियतकालिकाच्या पन्नास वर्षांच्या फायली पाहायच्या, एखाद्या पोथीची पाठभेदांसह संहिता ठरवायची किंवा एखाद्या बोलीची सामग्री गावोगाव हिंडून गोळा करायची, तर सलग पंधरवडा तरी मोकळा हवा. तो नसतो. म्हणून अशा विषयांची वाट कोणी मुद्दाम सोडलेली नाही. ती त्या वेळापत्रकातून जातच नाही.

या वेळापत्रकावर गेल्या तीन-चार दशकांत नियमांची एकावर एक पुटे चढत गेली. १९९१ मध्ये आयोगाने अधिव्याख्यातापदासाठी राष्ट्रीय वा राज्यस्तरीय पात्रता परीक्षा अनिवार्य केली. महाराष्ट्रात त्या अटीची अंमलबजावणी इतकी गोंधळाची झाली की १९९२ ते २००० या काळात नेमल्या गेलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांसाठी शासनाला २०१३ मध्ये स्वतंत्र निर्णय काढावा लागला. मध्यंतरी २००६ मध्ये एम.फिल. धारकांना सूट मिळाली आणि एम.फिल.च्या प्रवेशासाठी रांगा लागल्या; २००९ मध्ये ती सूट गेली; २०२२ च्या विनियमांनी तर एम.फिल. ही पदवीच बंद केली. २०१० मध्ये पदोन्नतीसाठी गुणांकांची पद्धत आली आणि तिच्याबरोबर, शुल्क भरले की आठ दिवसांत निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्यावर उतारा म्हणून मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी करण्यात आली. ती यादीही आयोगाने २०२५ मध्ये मागे घेतली. या प्रत्येक वळणावर अध्यापकाने काय शोधावे याचा विचार क्वचितच झाला. त्याने कोणते प्रमाणपत्र, कोणत्या दिनांकापूर्वी मिळवावे एवढाच विचार झाला.

२०२२ च्या विनियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट मान्यता आहे, ही स्वागतार्ह बाब होय. तिच्यासोबत एक अट आहे. नोकरी करणाऱ्या उमेदवाराने आपल्या संस्थेकडून ना-हरकत प्रमाणपत्र आणावयाचे; त्यात उमेदवाराच्या कामाचे स्वरूप पाहता त्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास त्याला अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी कार्यमुक्त केले जाईल, असे संस्थेने लिहून द्यावयाचे. हे प्रमाणपत्र सहसा मिळते. एका ओळीत वेळ आहे असे लिहून दिले जाते आणि पुढच्या सोमवारी परीक्षाविभागाची जबाबदारी त्याच अध्यापकाच्या नावावर पडते. कागदावरचा हा वेळ कोणी मोजत नाही. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती सादर करावी लागते. ना-हरकत देणाऱ्या संस्थेला मात्र कोणाहीपुढे काहीही सादर करावे लागत नाही.

पूर्वी पंचवार्षिक योजनांच्या काळात आयोगाची अध्यापक-छात्रवृत्ती होती. महाविद्यालयीन अध्यापकाला प्रबंध पुरा करण्यासाठी वेतनासह मोकळीक आणि त्याच्या जागी बदली अध्यापक, अशी ती व्यवस्था. तिचा लाभ घेऊन नुसतेच शीर्षक बदललेले प्रबंधही लिहिले गेले, हे मान्य केलेच पाहिजे. पण मराठीतील काही मोठी कामेही त्या मोकळ्या दोन-तीन वर्षांत उभी राहिली. बारावी योजना २०१७ मध्ये संपली आणि योजनाबद्ध अनुदानाचा तो काळही संपला. आता अध्ययनरजा आहे. ती मंजूर करण्यापूर्वी प्राचार्य, पर्यायी अध्यापकाचे काय, असा प्रश्न विचारतात, आणि तो प्रश्न गैर नसतो.

त्या प्रश्नाचे उत्तर अनेक ठिकाणी ‘तासिका तत्त्वावर’ या दोन शब्दांत दिले जाते. येथे या विषयाची सर्वांत दुखरी बाजू समोर येते. आज मराठीत संशोधनासाठी नोंदणी करणाऱ्या तरुणांत कायम सेवेतील अध्यापकांच्या बरोबरीने तासिका तत्त्वावर शिकवणारे आहेत. त्यांना ताशी मानधन मिळते. तास झाला नाही तर मानधन नाही, सुट्टीत तर नाहीच. दोन-तीन महाविद्यालयांत मिळून ते आपला आठवडा भरतात. सकाळी नाशिक रोड, दुपारी निफाड किंवा सिन्नर आणि संध्याकाळी खाजगी शिकवणी, असा ज्याचा दिवस आहे त्याला अध्ययनरजा हा शब्द शब्दकोशातच भेटतो. मे महिना त्याला मोकळा मिळतो, पण त्या महिन्यात घरात पैसा येत नाही, आणि बोलीचे सर्वेक्षण करण्यासाठी एस.टी.चे भाडे लागते. पदवी मिळाल्यावरही तो मार्गदर्शक होऊ शकत नाही, कारण मार्गदर्शक विद्यापीठातील वा संलग्न महाविद्यालयातील पूर्णवेळ नियमित अध्यापकच असावा लागतो. कनिष्ठ महाविद्यालयातील डॉक्टरेट मिळवलेल्या अध्यापकाचीही हीच अवस्था. ज्यांचा विद्यार्थ्यांच्या बोलत्या भाषेशी रोजचा संबंध आहे, त्यांचे ज्ञान पुढच्या संशोधकाकडे जाण्याचा मार्गच बंद आहे.

वास्तविक मराठी भाषेचा व साहित्याचा अभ्यास शिक्षकांनीच उभा केला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे. त्यांच्या आयुष्यातील पुष्कळ वर्षे शिक्षणखात्यात गेली. मोरो केशव दामले उज्जैनच्या माधव महाविद्यालयात शिकवीत. त्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याची नवी आवृत्ती १९७० मध्ये ज्या कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी सिद्ध केली तेही अध्यापकच होते. परंतु ही नावे केवळ अभिमानाने उच्चारून काही साधत नाही. त्यांतील काहींच्या कामात एक साम्य आहे, ते पाहण्यासारखे आहे. वि. भि. कोलते यांनी अमरावती आणि नागपूर येथे अध्यापन केले. महानुभावांचे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. त्यांनी महानुभाव पोथ्यांचा आणि सांकेतिक लिप्यांचा अभ्यास हयातभर केला आणि त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये बाहेर आले. तारा भवाळकर आधी माध्यमिक शाळेत आणि पुढे १९७० ते १९९९ या काळात सांगलीच्या महिला महाविद्यालयात शिकवीत होत्या. त्यांचा प्रबंध मराठी पौराणिक नाटकाच्या जडणघडणीवरचा, आणि विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये झाले ते सांगलीतच. लोकसाहित्याच्या अभ्यासाने ज्या बायकांच्या ओव्यांकडे त्यांनी लक्ष वेधले, त्या बायका त्यांच्या विद्यार्थिनींच्या घरातल्याच म्हणावयाच्या. २०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा या कामाला पन्नास वर्षे होत आली होती. नोकरीचे गाव आणि संशोधनाचे क्षेत्र एक झाले की अध्यापकाचा प्रवासाचा, शोधाशोधीचा आणि ओळखी काढण्याचा वेळ वाचतो. आणि जे पूर्णवेळ संशोधकाला दोन वर्षांत दिसत नाही, ते वीस वर्षे एका ठिकाणी राहणाऱ्याला दिसते.

या दृष्टीने नाशिक जिल्ह्याकडे पाहिले तर आश्चर्य वाटते. पंधरा तालुक्यांच्या या एका जिल्ह्यात बागलाण, देवळा, कळवण, मालेगाव, नांदगाव या बाजूला अहिराणी आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात कोकणा आणि डांगी, शिवाय भिल्ल, वारली, महादेव कोळी समाजांचे बोलणे. मालेगावच्या यंत्रमागांभोवती उर्दू-दखनी. ग्रियर्सनने आपल्या सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांबरोबर १९०७ च्या खंडात ठेवले, त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. हा वाद मिटवण्यास लागणारी सामग्री सटाण्याच्या किंवा कळवणच्या मराठीच्या अध्यापकापुढे रोज पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत बसलेली असते.

तिचे तो काय करतो? तो तिच्यावर तांबड्या शाईने रेघ मारतो. अहिराणी घरातला मुलगा ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘काळा’ऐवजी ‘काया’ लिहून जातो. ‘घरात’ याला ‘घरमा’ म्हणतो, ‘रामाचा’ याला ‘रामना’. अध्यापकाच्या दृष्टीने ही अशुद्धे होत, आणि प्रमाणभाषेच्या परीक्षेत ती तशी मोजली जाणारच. पण ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे ही हलगर्जी नव्हे. तो त्या बोलीचा नियम आहे. अधिकरणाचा ‘मा’ गुजरातीशी नाते सांगतो. षष्ठीचा ‘ना-नी-नं’ जोडताना मराठीप्रमाणे सामान्यरूप होते की नाही, कोठे होते आणि कोठे टळते, हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो. मुलगा प्रमाण मराठी लिहू लागल्यावर यांतील कोणती रूपे आधी गळतात आणि कोणती दहावीपर्यंत टिकतात, हा तर अध्यापनाच्याही उपयोगाचा विषय आहे. तो अभ्यासण्यासाठी वेगळी रजा लागत नाही. घटक चाचणीचे पेपर तपासतानाच शेजारी एक वही लागते. आठवड्यातून दोन पाने याप्रमाणे पाच वर्षांत जी सामग्री साठेल तिच्यासाठी बाहेरच्या संशोधकाला अनुदान मागावे लागेल. रात्रीच्या तुटक वेळेत मावणारा, आणि तरीही लेखकाभ्यासाहून मोलाचा, असा हा विषय आहे.

बोलींपुरतेच हे मर्यादित नाही. द्राक्षबागांच्या निफाड-दिंडोरी भागात ‘खरड छाटणी’ आणि ‘गोडी छाटणी’ या शब्दांनी वर्षाचे दोन भाग पडतात. लासलगावच्या बाजारात कांदा ‘लाल’, ‘रांगडा’, ‘उन्हाळ’ आणि ‘गोल्टी’ अशा नावांनी विकला जातो. येवल्याच्या पैठणीच्या मागावरची शब्दसंपत्ती तर स्वतंत्र कोशाची मागणी करते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या यात्रेकरूंनी आपापल्या हाताने, मोडीत आणि बालबोधीत, नावे-गावे लिहून ठेवली आहेत. वंशावळी काढणारे तेथे जातात. भाषेचा आणि लेखनपद्धतीचा अभ्यास करणारे फारसे जात नाहीत. शहरात १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे, त्यात जुने ग्रंथ आणि पोथ्या आहेत. पंचवटीत राहणाऱ्या अध्यापकाला या वह्यांपर्यंत पोचायला सायकल पुरते. पण त्याच्या प्रबंधाचा विषय मात्र दूरच्या एखाद्या कथाकाराच्या सहा संग्रहांवर बेतलेला असतो.

कारण उघड आहे. विद्यापीठीय संशोधन मंडळासमोर विषय मांडताना लेखकाभ्यासाचा आराखडा तयार सापडतो. पहिले प्रकरण लेखकाचे चरित्र, दुसरे वाङ्मयप्रकाराची संकल्पना, मग आशय, मग अभिव्यक्ती, शेवटी मूल्यमापन. हा साचा मंडळाला ओळखीचा, मार्गदर्शकाला सोयीचा आणि बहिःस्थ परीक्षकाला निर्धोक. विद्यार्थ्यांच्या लेखनातील अहिराणी रूपांचा विषय मांडला की हा भाषाविज्ञानाचा की साहित्याचा, की शिक्षणशास्त्र विभागाने पाहावयाचा, अशी चर्चा सुरू होते आणि विषय परत येतो. अध्यापकाची सहा महिन्यांची तयारी त्यात जाते. पुन्हा तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो; तो कथासंग्रहांकडे वळतो. नाशिक जिल्हा स्थापनेपासून पुणे विद्यापीठाच्या कक्षेत आहे. १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावरही तो तेथेच राहिला. दोनशे किलोमीटरवरच्या मंडळाला बागलाणातले वर्ग दिसत नाहीत, ही तक्रार मात्र आज पूर्वीइतकी खरी नाही, कारण महाविद्यालयांतून संशोधन केंद्रे निघाली आहेत आणि मंडळावर बसणारे अनेकजण याच तालुक्यांतून आलेले आहेत. त्यांनी तरी हा साचा का जपावा?

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो व तो टाळून चालणार नाही. भाषाध्यापकाला सर्वेक्षणाचे, ध्वनिलेखनाचे, मोडीवाचनाचे शास्त्रीय शिक्षण नसते, एम.ए.ला त्याने साहित्यशास्त्र आणि कलाकृतीचे परीक्षण शिकलेले असते. अशा अध्यापकाच्या हाती बोलीची सामग्री सोपवली तर हौशी शब्दसंग्रहांपलीकडे काही निघणार नाही, असे या आक्षेपकांचे म्हणणे. आक्षेप खरा आहे. पण नोंदणीनंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहेच. त्यात संशोधनपद्धती या नावाखाली गृहीतक म्हणजे काय, तळटीप कशी द्यावी, हे पुनःपुन्हा शिकवले जाते; तेथेच चार आठवडे ध्वनिलेखन आणि चार आठवडे मोडी शिकवण्यास नियमांची आडकाठी नाही. गणेश देवी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये निघाला. त्यातील नोंदींचा दर्जा एकसारखा नाही. तरीही त्या भाषा बोलणाऱ्या माणसांनीच लिहिलेल्या नोंदींमध्ये जो तपशील आहे, तो बाहेरून आलेल्याला सुचला नसता. अशा नोंदीला शास्त्राची शिस्त देणे हे विद्यापीठ विभागाचे काम आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून संशोधनासाठी निधी, केंद्रे आणि अध्यासने यांची चर्चा होत आहे. त्या चर्चेत प्राचीन ग्रंथ, शिलालेख आणि अनुवाद आहेत. वर्ग नाही. एखाद्या निधीतून वर्षाला दहा अध्यापकांना, त्यांत तासिका तत्त्वावरचे निम्मे धरून, मे महिन्याचे मानधन आणि एस.टी.चे भाडे दिले, आणि ना-हरकत प्रमाणपत्रात आठवड्यातील कोणता दिवस मोकळा राहील हे संस्थेकडून लिहून घेतले, तर खर्च एका राष्ट्रीय चर्चासत्राच्या मंडपापेक्षा जास्त येणार नाही. मंडळाने विषयपत्रिकेत ‘संशोधकाच्या कार्यक्षेत्राशी विषयाचा संबंध’ असा एक रकाना घालण्यास तर खर्चही नाही.

तोवर सटाण्यात आणि सुरगाण्यात घटक चाचण्या होत राहतील. ‘माझे गाव’ या विषयावरचे निबंध तपासून, गुण वहीत उतरवून घेतले जातील आणि तांबड्या रेघांसकट ते गठ्ठे कपाटावर चढतील. शैक्षणिक वर्ष संपले की शाळा ते रद्दीत देते.